गिरणीतील शिकाऊ मुले आणि पगारी मुले

इंग्लंडमधील सुरुवातीच्या सूतगिरण्यांत राबणाऱ्या मुलांविषयी लिहिताना दोन वेगळ्या गटांची नेहमी सरमिसळ होते. सॅम्युअल ग्रेग याने १७८४ मध्ये चेशायरमधील स्टायल येथे उभारलेल्या क्वारी बँक गिरणीत हे दोन्ही गट एकत्र काम करीत. मात्र काम सुटल्यावर ते कुठे राहायला जात, हे पाहिले की त्यांच्यातील फरक कळतो.

शिकाऊ मुले गरीबखान्यांतून, काही तर थेट लंडनहून आणली जात. करारनाम्याने ती काही वर्षे मालकाशी बांधली जात आणि मजुरीऐवजी त्यांना अन्न, वस्त्र व निवारा मिळे. नदीच्या पाण्यावर चालणारी गिरणी आडगावात असे आणि तिथे मजूर मिळत नसत, म्हणून मालकांना ही पद्धत सोयीची होती. स्टायलमध्ये या मुलांसाठी १७९० मध्ये स्वतंत्र वसतिगृह बांधले गेले. ग्रेगने त्यांच्यासाठी डॉक्टर नेमला होता, हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण १८०६ मध्ये जोसेफ सेफ्टन आणि थॉमस प्रीस्टली हे दोन मुलगे पळून लंडनला गेले, तेव्हा त्यांना दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब द्यावा लागला, यावरून त्या कराराची पकड लक्षात येते.

पगारी मुले आईवडिलांजवळ, बहुधा मालकानेच बांधलेल्या घरांत राहत. त्यांना मजुरी मिळे, पण घरभाडे कुटुंबाच्या मजुरीतून कापले जाई. करार नसला तरी नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हाती असल्यामुळे अशा कुटुंबाला मालकाशी वाद घालणे सोपे नव्हते, असे मला वाटते.

कायद्याने मात्र आधी करारबद्ध मुलांकडेच पाहिले. १८०२ च्या कायद्याने दिवसाला १२ तासांची मर्यादा फक्त शिकाऊ मुलांना दिली. सूतगिरण्यांतील पगारी मुलांना ती १८१९ मध्ये मिळाली, आणि त्याच कायद्याने ९ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली. अंमलबजावणीसाठी सरकारी निरीक्षक नेमले गेले ते १८३३ च्या कायद्यानंतरच.

क्वारी बँकेतील शिकाऊ पद्धत १८४७ मध्ये बंद झाली. वसतिगृह बंद झाले म्हणजे बालमजुरी संपली, असा अर्थ या सरमिसळीमुळेच काढला जातो. प्रत्यक्षात १८४४ च्या कायद्याने किमान वय ९ वरून ८ वर आणले होते, आणि पगारी मुले अर्धा दिवस शाळेत व अर्धा दिवस गिरणीत जात राहिली.