बंद पडलेला फोर्जिंग कारखाना

फोर्जिंग म्हणजे तापवलेला धातू ठोकून किंवा दाबून त्याला आकार द्यायचा. लोहार ऐरणीवर करतो तेच काम, फक्त घणाच्या जागी काही टनांचा हॅमर आणि हाताच्या जोराऐवजी वाफ, दाबाची हवा नाहीतर हायड्रॉलिक प्रेस. असा कारखाना बंद पडला की जुनं काम कसं चालायचं ते बघायला हौशी लोक जातात, आणि बहुतेकांचा कॅमेरा वरच असतो, फुटक्या काचा, गंजलेली क्रेन, छपरातून येणारा उजेड वगैरे. पण वाचण्यासारखं सगळं खाली आहे. मशीन भंगारात विकली जातात, पाया मात्र कोणी उचलून नेत नाही.

हॅमरखालची ऐरण पडणाऱ्या वजनाच्या साधारण १५ ते २० पट जड ठेवायचे, नाहीतर निम्मा घाव जमिनीतच मुरायचा. तिच्याखाली खोल खड्डा, आणि जुन्या शॉपमध्ये (कारखान्यातल्या कामाच्या शेडमध्ये) त्यात धक्का शोषायला ओक लाकडाचे जाड ओंडके. आता हॅमर गेलाय आणि खड्ड्यात काळं पाणी साचलंय, पण खड्ड्याच्या मापावरून इथे केवढं धूड उभं होतं याचा अंदाज येतो. काही शॉपमध्ये फरशीसुद्धा लाकडी ठोकळ्यांची असायची, लाकडाच्या रेषा उभ्या ठेवून विटांसारखे बसवलेले, म्हणजे जड डाय (धातूला आकार देणारा पोलादी साचा) पडली तरी फरशी फुटत नाही. छप्पर गळायला लागलं की हेच ठोकळे पाणी पिऊन फुगतात आणि फरशी मधेच टेकडीसारखी वर येते.

भट्टीजवळ पायाखाली काळे-निळसर पापुद्रे चुरचुरतात. ती स्केल. पोलाद ११०० ते १२५० अंश सेल्सिअसला तापलं की वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनने जळतो आणि पहिल्याच घावाला उडून पडतो. लोहचुंबक नेलात तर चिकटेल. कोपऱ्यात एखादी डाय राहिली असेल तर तिच्यात हात फिरवून बघा, क्रँकशाफ्ट किंवा कनेक्टिंग रॉडचा उलटा साचा लगेच कळतो, आणि कडेने जी उथळ खाच असते तिच्यात जास्तीचा धातू, म्हणजे फ्लॅश, बाहेर यायचा, तो नंतर ट्रिमिंग प्रेसवर कापायचे.

वाफेच्या हॅमरची गोष्ट मजेशीर आहे. 'ग्रेट ब्रिटन' जहाजाचा पॅडल फिरवणारा दांडा घडवायला तेवढा मोठा हॅमरच नव्हता म्हणून जेम्स नास्मिथ या इंजिनिअरने १८३९ मध्ये स्केच काढलं, पुढे जहाजाला पॅडलऐवजी प्रोपेलर लागला आणि तो दांडा कधी बनलाच नाही. फ्रान्सच्या ल क्रूझो गावातल्या कारखान्यात बूर्दाँ नावाच्या इंजिनिअरने १८४० च्या सुमारास तसा हॅमर उभाही केला, तो बघून आल्यावर १८४२ मध्ये नास्मिथने पेटंट घेतलं. ताबा इतका नाजूक की ग्लासात ठेवलेलं अंडं फोडायचं आणि ग्लास शाबूत, हा प्रयोग तो लोकांना करून दाखवायचा. मग शर्यतच लागली. ल क्रूझोत १८७७ ला १०० टनांचा, अमेरिकेत बेथलहेममध्ये १८९१ ला १२५ टनांचा. तोवर हायड्रॉलिक प्रेस आली होती, ती जमीन न हादरवता मोठा गोळा आतपर्यंत दाबते, त्यामुळे राक्षसी हॅमरचं राज्य फार टिकलं नाही. (त्या आवाजाने कामगारांचे कान गेले ते गेलेच.)

आत जायचं तर मालकाची परवानगी घेऊनच. साचलेल्या पाण्याखाली खड्डा दिसत नाही, बंद तळघरात गंजणारं लोखंड हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं, भट्टी आणि पाइपांच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला तर हात लावूच नका.

काही ठिकाणं वाचली. शेफिल्डच्या अ‍ॅबीडेलमध्ये विळे-कोयते घडवणारे पाणचक्कीवरचे हॅमर होते, काम १९३३ ला थांबलं, १९७० ला तिथे संग्रहालय उघडलं. ल क्रूझोचा तो १०० टनी हॅमरही भंगारात गेला नाही, २१ मीटर उंचीचा सांगाडा आता गावाच्या वेशीवर चौकात उभा आहे, आणि गाड्या त्याला वळसा घालून जातात.