क्रेटर लेक राष्ट्रीय उद्यान : उन्हाळ्यात जावे की हिवाळ्यात?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलामुलींकडे येणारे आईवडील बहुधा मे महिन्यात येतात, आणि ऑरेगन राज्यातील क्रेटर लेक पाहण्याविषयी आमच्याकडे विचारणाही त्याच सुमारास सर्वाधिक होते. आपल्याकडे तेव्हा ऐन उन्हाळा असला, तरी या सरोवराच्या काठावर मे महिन्यातही भरपूर बर्फ असतो आणि काठाने जाणारा बहुतेक रस्ता बंद असतो. या ठिकाणी हिवाळा जवळजवळ आठ महिन्यांचा असतो, हे लक्षात घेऊनच विमानाची तिकिटे काढावीत.

हे सरोवर कॅस्केड पर्वतरांगेत आहे. माझामा नावाच्या ज्वालामुखीचा सुमारे 7,700 वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला. पोटातील शिलारस बाहेर पडल्यावर माथ्याला आधार उरला नाही, तो आत खचला आणि तयार झालेल्या खळग्यात पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी साठत गेले. आपले लोणार उल्केच्या आघाताने झाले, हे मात्र ज्वालामुखीचे अपत्य आहे. क्लॅमथ आदिवासींच्या परंपरेत त्या उद्रेकाच्या कथा आजही सांगितल्या जातात आणि सरोवर त्यांच्यासाठी पवित्र आहे. 1902 साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. सरोवराला एकही नदी येऊन मिळत नाही आणि त्यातून एकही बाहेर पडत नाही, त्यामुळे गाळ जवळपास येतच नाही व पाणी कमालीचे नितळ राहते. 592 मीटर खोलीच्या या पाण्यात सूर्यप्रकाशातील तांबडे-पिवळे रंग शोषले जातात आणि निळा तेवढा परत येतो. छायाचित्रातील निळाई पाहून रंग वाढवले असावेत अशी शंका येते, ती काठावर उभे राहिल्यावर फिटते.

उन्हाळा म्हणजे येथे जुलै ते सप्टेंबर. सरोवराला वळसा घालणारा सुमारे 53 किलोमीटरचा रिम ड्राइव्ह हा रस्ता साधारणतः जुलैमध्ये पूर्ण खुला होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या मोठ्या हिमवृष्टीपर्यंत चालू राहतो. हा फेरा दोन तासांत उरकता येतो, पण तसे करू नये. वॉचमन शिखरावरील टेहळणी मनोऱ्यापर्यंतची चढण दीड किलोमीटरहून कमी आहे आणि तेथून विझार्ड बेट बरोबर पायाखाली दिसते. सन नॉच येथून फँटम शिप हा जहाजासारखा सुळका पाहता येतो. पाण्यापर्यंत उतरणारी अधिकृत पायवाट एकच आहे, क्लीटवूड कोव्हची. ती 2026 च्या हंगामापासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद असून 2029 मध्ये खुली करण्याचे नियोजन आहे. तोपर्यंत बोटफेरी किंवा पोहणे यांचे आश्वासन कोणी दिल्यास विश्वास ठेवू नये. शंभराहून अधिक वर्षे सरोवरात उभाच तरंगणारा ‘ओल्ड मॅन’ हा ओंडकाही त्यामुळे सध्या जवळून पाहता येणार नाही, याची आम्हालाही हळहळ वाटते.

जुलैच्या आरंभी डास पुष्कळ असतात आणि ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर काही वेळा सरोवर झाकून टाकतो. आमचा कल अमेरिकेतील कामगार दिनाची (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टी उलटल्यानंतरच्या सप्टेंबरकडे आहे, कारण तेव्हा गर्दी ओसरते आणि गाडी लावायला जागा मिळते. मात्र धुराचा धोका तेव्हाही असतो. काठावर राहायचे असल्यास क्रेटर लेक लॉजच्या 71 खोल्या फार लवकर भरतात. हे लॉज साधारणतः मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडे असते.

हिवाळ्यातील भेट हा निराळाच अनुभव आहे. वर्षाकाठी सरासरी 13 मीटर हिमवृष्टी होते. उत्तरेकडील प्रवेशद्वार बंद असते. महामार्ग 62 वरून पश्चिमेकडून किंवा दक्षिणेकडून आत शिरावे लागते आणि उद्यानाच्या मुख्यालयापासून सरोवराच्या काठावरील रिम व्हिलेज या ठिकाणापर्यंतचा शेवटचा पाच किलोमीटरचा रस्ता वादळात केव्हाही बंद होऊ शकतो. गाडीच्या टपापेक्षा उंच बर्फाच्या भिंतींमधून वर जावे आणि समोर नुसते पांढरे धुके दिसावे, असेही घडते. हिवाळ्यात जवळपास निम्मा काळ सरोवर ढगांनी झाकलेले असते. म्हणून क्लॅमथ फॉल्स किंवा मेडफर्ड येथे किमान दोन रात्री मुक्काम ठेवावा आणि सकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावरील कॅमेऱ्याचे दृश्य पाहूनच निघावे. ढग हटले, तर पांढऱ्या कड्यांमध्ये न गोठलेले गडद निळे पाणी दिसते. खोल पाण्यात साठलेल्या उष्णतेमुळे सरोवर सहसा गोठत नाही. ते पूर्णपणे गोठल्याची शेवटची नोंद 1949 सालची आहे. शनिवार-रविवारी उद्यानाचे रेंजर बर्फावर चालण्याचे रुंद जोड पायांना बांधून लोकांना विनामूल्य फिरवून आणतात, पण त्यासाठी नाव आधी नोंदवावे लागते.

कड्यापाशी दिसणारा बर्फ बरेचदा खाली आधार नसलेला, हवेत पुढे आलेला छज्जा असतो. फोटोसाठी त्यावर पाऊल टाकू नये. याबाबत आमचे चालक कोणाचीही भीड ठेवत नाहीत. उद्यानात हिवाळ्यात पेट्रोल मिळत नाही, तेव्हा टाकी आधीच भरावी. चाकांच्या साखळ्या जवळ ठेवाव्यात. भाड्याच्या गाडीला त्या लावण्यास करारात अनेकदा मनाई असते, ते तपासून घ्यावे.

रिम व्हिलेज सुमारे 2,160 मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही पाचशे मीटर वर आहे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भर उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो आणि बर्फावर काळा चष्मा लागतो. काठावर राखाडी रंगाचे, धीट नटक्रॅकर पक्षी खाऊच्या आशेने जवळ येतात. त्यांना शेव-चिवडा घालू नये, उद्यानात त्यास बंदी आहे.

आरक्षणासाठी संपर्क साधताना प्रवाशांची वये, चालण्याची क्षमता आणि तारखा पुढेमागे करता येतील का, हे अवश्य कळवावे.