फुकट डाउनलोडच्या पाठीवरचं बिऱ्हाड
लॅमिंग्टन रोडवर असेंबल केलेल्या पीसीवर एके काळी फुकट सॉफ्टवेअर यायचं ते मासिकांबरोबरच्या सीडीतून. ब्रॉडबँड आलं, लोक थेट डाउनलोड करू लागले आणि फुकट प्रोग्रॅमचा खर्च टूलबारवाल्यांनी, म्हणजे ब्राउझरमध्ये स्वतःची सर्चपट्टी चिकटवणाऱ्या कंपन्यांनी, उचलला. दर इन्स्टॉलमागे पैसे. इन्स्टॉल करताना 'रेकमेंडेड' आधीच निवडलेलं, टूलबारसमोरची टिक आधीच केलेली. जावाच्या इन्स्टॉलरमध्येही काही वर्षं, २०१५ पर्यंत, असा सर्च टूलबार असायचा. फ्लॅश प्लेअरबरोबर तर चक्क एका अँटीव्हायरस कंपनीचा स्कॅनर यायचा.

मग अँटीव्हायरस गप्प का बसायचे? व्हायरस न विचारता शिरतो. इथे 'नेक्स्ट' दाबून संमती दिलेली असते, असा टूलबारवाल्यांचा दावा. 'मालवेअर' म्हटलं की वकिलाची नोटीस यायची. त्यातून 'पीयूपी', म्हणजे बहुधा नको असलेला प्रोग्रॅम, असा गुळमुळीत वर्ग निघाला आणि त्याची तपासणी अनेकांनी मूळ सेटिंगमध्ये बंदच ठेवली. अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या एका कंपनीने अँटीव्हायरसवाल्यांना कोर्टात खेचलं. २००९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, आक्षेपार्ह वाटणारं सॉफ्टवेअर अडवण्याची साधनं देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्याला वेसण घातली: प्रतिस्पर्ध्याचा धंदा बुडवायला हे संरक्षण वापरता येणार नाही. दुसरा निकाल रास्तच. पण पहिल्यानंतरही बरीच वर्षं टाळाटाळ चालली, त्याचं खापर कायद्यावर फोडता येत नाही. काही अँटीव्हायरस स्वतःच टूलबार वाटत होते.

दरम्यान डाउनलोड साइट्सनीही हात धुऊन घेतले. २०११ मध्ये एका बड्या साइटने दुसऱ्यांचे प्रोग्रॅम स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळले. नेटवर्क तपासणाऱ्या एका मुक्त प्रोग्रॅमच्या कर्त्याने जाहीर बोंब ठोकली. २०१५ मध्ये चित्रं सुधारण्याच्या एका मुक्त प्रोग्रॅमची तीच गत झाली. गुंडाळी ओळखायची तर साइझ बघा: मूळ फाइल ८० एमबीची आणि उतरली १-२ एमबी, तर शंका घ्या. मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' उघडा. सही प्रोग्रॅमच्या कर्त्याऐवजी भलत्याचीच असेल तर फाइल उडवा.

दादर-गिरगावातल्या झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांत पीडीएफ कन्व्हर्टरच्या शोधात हे बिऱ्हाड हमखास येतं. कंट्रोल पॅनेलमधून काढलं तरी होमपेज परत बदलतं, कारण ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये 'टार्गेट'च्या ओळीत 'क्रोम डॉट ईएक्सई'पुढे एक पत्ता चिकटवलेला असतो. तो खोडा. टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं विंडोजमधलं साधन, त्यातली अनोळखी नोंदही काढा, नाहीतर ती पुढच्या लॉगिनला सगळं पुन्हा बसवू शकते.

विंडोज १० मध्ये मे २०२०च्या अपडेटपासून हे पीयूपी अडवण्याचं बटण आलं: विंडोज सिक्युरिटी, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, आणि तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग'. खाली दोन चौकटी आहेत. 'ब्लॉक डाउनलोड्स' फक्त एज ब्राउझरपुरती, म्हणजे क्रोमवाल्यांना तिचा उपयोग शून्य. 'ब्लॉक अ‍ॅप्स'ला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, चालू असावा लागतो. दुसरा अँटीव्हायरस घातला की डिफेंडर बाजूला होतो. मग पीयूपीचा पर्याय त्या दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये शोधायचा. काही अँटीव्हायरस तो बसवतानाच विचारतात, आणि तिथेही 'नेक्स्ट' घाईत दाबलं जातं.