लॅबच्या मशीनमध्ये सॉफ्टवेअरचा दोष निघाला, तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

मशीन बंद पडलं तर लगेच कळतं. सॉफ्टवेअर चुकलं तर मशीन चालूच राहतं, रिपोर्टही छापून येतो, फक्त त्यातला आकडा खोटा असतो. चोपडा, साक्री, शहादा अशा गावांतल्या छोट्या लॅबमध्ये ताडून बघायला दुसरं मशीन नसतं, म्हणून तिथे ही माहिती जास्त लागते.

डेंग्यूच्या दिवसांतलं उदाहरण घ्या. नमुन्यात प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की सेल काउंटर, म्हणजे रक्तपेशी मोजणारं मशीन, आकडा कमी दाखवतो, पण शेजारी इशाऱ्याची खूणही देतो. ती पाहून टेक्निशियन स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली खात्री करतो. मशीनमधून लॅबच्या कॉम्प्युटरवर जाताना ती खूण गळाली, तर रिपोर्टवर नुसते ‘४०,०००’ उरतात आणि घरचे रातोरात गाडी करून पेशंटला धुळ्याला नाहीतर जळगावला हलवतात. मोठ्या कंपन्यांकडूनही असं होतं. अमेरिकेत २०२१ मध्ये अ‍ॅबॉटच्या अ‍ॅलिनिटी एम यंत्रावरच्या कोविड चाचण्या चुकीच्या पॉझिटिव्ह येण्याची शक्यता दिसली आणि कंपनीला सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं.

नियम काय सांगतो

वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. १ एप्रिल २०२० पासून उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आलं. नियम ८९ प्रमाणे उपकरणामुळे पेशंटला धोका संभवतो असं दिसलं, की उत्पादकाने किंवा परदेशी उत्पादकाच्या भारतातल्या अधिकृत एजंटाने ते ताबडतोब परत घेण्याची प्रक्रिया सुरू करायची आणि कारणासह सरकारला कळवायचं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत दरवेळी मशीन उचलून नेत नाहीत. बहुतेकदा जागेवरच अपडेट करून दिलं जातं.

कोण कळवू शकतं

लॅबमालक, टेक्निशियन, डॉक्टर, पेशंट, पेशंटचे नातेवाईक, कोणीही. सरकारी दवाखान्यातलं मशीन असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या. अक्कलकुवा-धडगाव भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासण्या चालतात. तिथल्या एका चुकीच्या निकालाचा परिणाम लग्न आणि मूल ठरवण्यापर्यंत जातो, तेव्हा तिथे संशय आला तरी कळवा.

तक्रारीची पहिली जागा म्हणजे मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांवर नजर ठेवणारा सरकारी कार्यक्रम. तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो. फॉर्म त्यांच्या वेबसाइटवर मिळतो, फी नाही, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं आणि फॉर्म भरला म्हणजे लॅबने चूक कबूल केली असा अर्थ होत नाही. ही भीती मनातून काढाच, कारण तिच्यापायी कितीतरी जण गप्प बसतात. दुसरी जागा आपल्या जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासन कार्यालय; त्यांचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५.

कागदपत्रं

मशीनचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर, लेबलवरचा उत्पादन किंवा आयात परवाना क्रमांक, खरेदीचं बिल, सर्व्हिस रिपोर्ट, त्या दिवसाचे कंट्रोल आणि कॅलिब्रेशनचे (मशीन बरोबर मोजतंय का ते तपासण्याचे) निकाल, वापरलेल्या रीएजंटचा (चाचणीच्या रसायनाचा) लॉट नंबर. विक्रेत्याकडे उपकरणं विकण्याची एमडी-४२ नोंदणी असते, तिचीही प्रत मागून घ्या. पेशंटचं पूर्ण नाव देऊ नका. आद्याक्षरं, वय आणि घटनेची तारीख पुरते.

पण सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे तो सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर, आणि तोच बहुतेकदा हातचा जातो. इंजिनिअर येतो, पेनड्राइव्ह लावतो, ‘झालं सर’ म्हणतो आणि निघतो. त्यानंतर जुनं व्हर्जन मशीनमध्ये सापडत नाही. म्हणून त्याला हात लावू देण्याआधी व्हर्जनच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, एरर लॉग आणि संशयित निकाल बाहेर काढून ठेवा. सर्व्हिस रिपोर्टवर जुना आणि नवा असे दोन्ही नंबर आणि बदलाचं कारण लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. कंपनीची लेखी सूचनाही मागा. त्यात दोष कोणत्या चाचण्यांत आणि कधीपासून आहे ते असायला हवं, नाहीतर कोणत्या पेशंटना परत बोलवायचं हे ठरणारच नाही. अशा पेशंटची फेरतपासणी लॅबने मोफत करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

नुकसानभरपाई हवी असेल तर

वरच्या दोन्ही ठिकाणी पैसे मिळत नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तपासणीसाठी किंवा मशीनसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. पेशंटला हा मार्ग सरळ खुला आहे. लॅबमालकाने व्यापारासाठी मशीन घेतलं असेल तर तो ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलं असेल तर ठरतो. तेव्हा लॅब स्वतः चालवत असल्याचे कागद तक्रारीसोबतच जोडा. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि त्याआधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.