दहा वर्षांची जर्मन गाडी घेण्याआधी

नवी असताना पन्नास लाखांच्या घरात असलेली गाडी दहा-बारा वर्षांनी आठ-दहा लाखांत मिळते. तिचे सुटे भाग आणि तिच्यावरची मजुरी मात्र पन्नास लाखांच्या गाडीचीच राहते. म्हणून आमचा आग्रह असा, की गाडी कितीला मिळते याच्याआधी ती पुढच्या वर्षभरात काय मागणार आहे ते बघा. आणि ठरलेल्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा हाताशी ठेवूनच व्यवहार करा. हे माहितीपत्रक मुख्यतः २००८ ते २०१६ मधल्या बीएमडब्ल्यू ५ सिरीज, मर्सिडीज ई आणि एस क्लास आणि ऑडी ए६ या गाड्यांसाठी आहे.

इंजिन थंड असतानाच बघा

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. गरम इंजिन बरेच आवाज लपवतं.

बीएमडब्ल्यू ५२०डी मध्ये २०१४ च्या सुमारापर्यंत एन४७ हे डिझेल इंजिन होतं. त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे आहे. चेनला आधार देणारे प्लास्टिकचे गाइड झिजले की चेन सैल पडते आणि मागून, साधारण केबिनच्या भिंतीजवळून, साखळी घासल्यासारखा खरखराट येतो. थंड स्टार्टला आणि १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान तो नीट ऐकू येतो. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन जातं. चेन बदलायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, त्यामुळे भागांपेक्षा मजुरी जड जाते. चेन बदलल्याचं बिल असेल तर उत्तम. बिल नाही आणि आवाज आहे, अशी गाडी सोडून द्या, मग रंग कितीही आवडलेला असो.

मर्सिडीजच्या ओएम६५१ या २.१ लिटर डिझेलमध्ये सुरुवातीच्या काळातले पिझो इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बिघडत असत. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन थरथरत असेल तर इंजेक्टर बदललेत का ते विचारा आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) चारही सिलिंडरचं करेक्शन, म्हणजे कोणाला डिझेल किती कमी-जास्त द्यावं लागतंय ते, बघा.

ऑइलचं झाकण उघडा. खाली पांढरट, लोण्यासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय, निदान तशी दाट शंका घ्यावी. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला तर तिथेच थांबा.

गिअरबॉक्स

‘ऑइल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे’ हे वाक्य विश्वासाने सांगितलं जातं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र आपल्या आठ-गिअरच्या बॉक्सचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किमीला बदलायला सांगते. त्याचा फिल्टर प्लास्टिकच्या तळपात्रातच बसवलेला असतो, म्हणून ते पात्रही बदलावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर हा खर्च तुमच्या माथी आहे, तो किमतीतून वळता करून घ्या.

ट्रायलला पाच-सात किलोमीटर पुरत नाहीत, निदान पंचवीस चालवा. ब्रेक दाबून डी वरून आर मध्ये टाका: झटका बसतो का, की दोन सेकंद काहीच होत नाही? सिग्नलला हळूहळू थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यात जाताना धक्का जाणवतो का? २०१५ च्या आधीच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह ए६ मध्ये मल्टिट्रॉनिक सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. ट्रॅफिकमध्ये सरकताना गाडी कंप पावत असेल तर क्लच प्लेट किंवा कंट्रोल युनिटवर खर्च येतो.

हवेचं सस्पेन्शन

एस क्लासच्या डब्ल्यू२२१ मॉडेलमध्ये एअरमॅटिक हे हवेचं सस्पेन्शन असतं. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवायला सांगा. सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला तर त्या चाकावरच्या स्ट्रटचा (गाडीचा भार पेलणाऱ्या दांड्याचा) रबरी फुगा गळतोय. गळती भरून काढायला हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी तोही जळतो, म्हणून स्ट्रटचं काम लांबवू नये.

पाणी

महाराष्ट्रात हा मुद्दा इंजिनाइतकाच महत्त्वाचा. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. त्या धुळीने, पानांनी तुंबल्या की पावसाचं पाणी छताच्या अस्तरातून खाली येऊन गालिच्याखाली साठतं. या गाड्यांचे अनेक कंट्रोल मॉड्यूल, वायरिंगचे जोड आणि काहींच्या बॅटऱ्या तिथे किंवा डिकीच्या तळात असतात. गालिचा उचलून खालच्या फोमवर हात दाबा. डिकीतली पॅनल काढून तळ बघा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाचा डाग किंवा वास राहतो. सीटच्या रुळांवरचा आणि बोल्टवरचा गंज बघा. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला होता. गाडी त्या काळात तिथे नोंदलेली असेल तर विम्याचा क्लेम इतिहास मागा.

पत्रा

लोहचुंबक लावून पुट्टी शोधण्याची जुनी युक्ती इथे फसते. २०१० नंतरच्या ५ सिरीजचं बोनेट, पुढचे फेंडर आणि दारं ॲल्युमिनियमची आहेत, त्यांना चुंबक चिकटतच नाही. ॲल्युमिनियमवर चालणारा रंगाची जाडी मोजणारा मीटर वापरा. सगळीकडे १५० मायक्रॉनच्या आसपास आणि एका दारावर ४०० दिसलं, तर त्या दाराखाली काय झालं होतं ते विचारा.

स्कॅनर

विकण्याआधी फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी) पुसणं पाच मिनिटांचं काम आहे. म्हणून कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका, ‘कोड पुसल्यापासून किती किमी’ हा आकडा बघा. तो १२ किमी असेल तर कोड नुकतेच पुसलेत, गाडी आणखी चालल्यावर परत यावं लागेल. किलोमीटरचा आकडाही फक्त मीटरमध्ये नसतो, अनेक गाड्यांत तो किल्लीच्या किंवा इतर मॉड्यूलमध्येही साठवलेला असतो. ते आकडे जुळवून पाहा.

टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बऱ्याच बीएमडब्ल्यूला रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) टायर असतात. खड्ड्यांत त्यांची कडा फुगते, म्हणून आतल्या बाजूनेही हात फिरवा.

कागद

आरसीवरचा चेसिस नंबर काचेखालच्या आणि बोनेटमधल्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा फॉर्म) आणि बँकेचं पत्र हवं. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. त्यांना एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतो आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो किती बसेल हे आधी आरटीओत विचारून मगच भाव करा. विम्यावरचा नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही.

आमच्याकडे तपासणीला येताना आरसी, सर्व्हिसची सगळी बिलं आणि दोन्ही किल्ल्या घेऊन या. गाडी लिफ्टवर घेऊन पूर्ण बघायला अडीच तास लागतात. दुसरी किल्ली नाही असं विक्रेता म्हणाला तर नव्या किल्लीचा आणि कोडिंगचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा.