शौच-तपासणी अहवालावरील शेरा

जुलाब, उलट्या, पोटात मुरडा अशा तक्रारी असलेल्या रुग्णाच्या शौचाचा नमुना तपासून प्रयोगशाळा जो अहवाल देते, त्यात निष्कर्षाखाली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने लिहिलेल्या एक-दोन वाक्यांच्या अर्थविवरणास शेरा म्हणतात. अमुक जिवाणू वाढला किंवा वाढला नाही, एवढ्यावर शेरा लिहिलेला अहवाल थांबत नाही. सापडलेल्या जिवाणूचा आजाराशी कितपत संबंध आहे, त्यासाठी प्रतिजैविक द्यावे लागते का आणि लागत असल्यास कोणत्या रुग्णांना, हे त्यात सांगितलेले असते. जठरांत्राच्या संसर्गात गरज नसताना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांना आळा घालण्याचा हा अत्यंत कमी खर्चाचा उपाय आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही आणि नवा कर्मचारीही लागत नाही. नमुना तपासलेलाच असतो, अहवाल निघणारच असतो आणि डॉक्टर तो उघडतात ते नेमके औषध ठरवण्याच्या वेळी.

मुंबईत या आजाराला सर्रास ‘गॅस्ट्रो’ म्हणतात. पावसाळ्यात महापालिका हिवताप, डेंगी, लेप्टो यांच्याबरोबर गॅस्ट्रोच्या रुग्णांचेही आकडे जाहीर करते आणि चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या, संसर्गजन्य रोगांसाठीच चालवलेल्या रुग्णालयात या दिवसांत गर्दी वाढते. दूषित पाणी, उघड्यावरचे खाणे आणि तुंबलेली गटारे ही कारणे मुंबईकरांना पाठ आहेत. मात्र यांतील बराच मोठा भाग रोटाव्हायरस, नोरोव्हायरस अशा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही, ही गोष्ट तितकीशी पाठ नाही. जिवाणूंमुळे झालेला अतिसारसुद्धा धडधाकट माणसात बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबतो. खरा धोका शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याचा असतो आणि त्यावरचा उपाय म्हणजे जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी, शिरेतून देण्याचे सलाइन संपत आल्यावर, मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देऊन पटकीचे (कॉलराचे) असंख्य रुग्ण वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. सहा महिन्यांवरील मुलांना जलसंजीवनीच्या जोडीला दररोज झिंक १० ते १४ दिवस द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात औषधांच्या चिठ्ठीवर जलसंजीवनीच्या वर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल या जंतुनाशक औषधांची जोडगोळी असलेली गोळी दिसते; जलसंजीवनी कधी शेवटच्या ओळीत असते, कधी नसतेच.

प्रतिजैविक कधीच द्यायचे नाही, असा शेऱ्याचा अर्थ नाही. रोगजंतूगणिक उत्तर बदलते आणि शेरा लिहिण्याचे सगळे मर्म या बदलात आहे. पटकीत जोराचे जुलाब होऊन पाणी फार कमी झाले असल्यास प्रतिजैविकाने जुलाबांचे प्रमाण आणि दिवस दोन्ही घटतात. शिगेला या जिवाणूमुळे रक्त पडून आमांश झाला, तर औषध लागते. विषमज्वर (टायफॉइड) हा तर मुळात रक्तातून शरीरभर पसरणारा आजार असल्याने तेथे प्रतिजैविकाला पर्याय नाही. त्याच्या निदानासाठी शौचापेक्षा रक्ताचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याची चाचणी, महत्त्वाचे. याउलट विषमज्वराव्यतिरिक्तच्या, म्हणजे विषमज्वर न करणाऱ्या, साल्मोनेला जिवाणूंनी झालेल्या साध्या जुलाबांत, रुग्ण अन्यथा निरोगी असेल, तर प्रतिजैविकाने आजार लवकर बरा होत नाही, आणि वर जंतू शौचावाटे बाहेर पडत राहण्याचा काळ लांबण्याची शक्यता असते. कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या बाबतीत औषधाने आजार सरासरी सव्वा दिवसाने कमी होतो आणि तोही फायदा औषध आजाराच्या सुरुवातीलाच दिले तर अधिक. कल्चरचा अहवाल हाती पडेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात आणि रुग्ण बहुधा दहीभात खायला लागलेला असतो.

बिनशेऱ्याचा अहवाल तटस्थ असतो, असे समजण्याची चूक प्रयोगशाळांकडून वर्षानुवर्षे होत आली आहे. एखाद्या लहान प्रयोगशाळेचा अहवाल समोर ठेवून पाहिला तर हे ध्यानात येते. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘ई. कोलायची भरपूर वाढ’ आणि त्याखाली पंधरा-वीस प्रतिजैविकांचा तक्ता. प्रत्येकापुढे संवेदनक्षम (जिवाणू त्या औषधाला दाद देतो) किंवा प्रतिरोधक (देत नाही) अशी खूण. वास्तविक ई. कोलाय हा प्रत्येक माणसाच्या आतड्यात राहणारा जिवाणू आहे. त्याच्या काही मोजक्या रोगकारक जाती साध्या कल्चरवर वेगळ्या ओळखताही येत नाहीत. शौचात ई. कोलाय वाढला नाही, तरच आश्चर्य वाटायला हवे. परंतु औषधांचा तक्ता छापला की अहवाल वाचणाऱ्याच्या लेखी प्रश्न बदलतो. प्रतिजैविक द्यायचे का, हा मूळचा प्रश्न बाजूला पडतो आणि यांतले कोणते द्यायचे, एवढाच उरतो. तक्ता मुकाट्याने जी सूचना करतो ती खोडून काढणे हे शेऱ्याचे पहिले काम आहे. अशा नमुन्याचा योग्य अहवाल एका ओळीत संपतो : ‘साल्मोनेला, शिगेला व पटकीचे जिवाणू आढळले नाहीत; वाढलेले जिवाणू आतड्यात नेहमी असणारे आहेत.’ तक्ता नाही.

तक्ता पूर्ण वा अंशतः झाकून ठेवण्याच्या या पद्धतीला निवडक अहवालन म्हणता येईल आणि ती शेऱ्याची जुळी बहीण आहे. अमेरिकेतील क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट या संस्थेची मानके भारतातील अनेक प्रयोगशाळा वापरतात. त्यांनुसार, विषमज्वराव्यतिरिक्तचा साल्मोनेला आतड्यातून सापडला असल्यास त्याची संवेदनक्षमता चाचणी नेहमीच्या कामात करण्याची गरज नाही. याच मानकांत आणखी एक ताकीद आहे. साल्मोनेला आणि शिगेला यांच्यावर सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविक-गटातील पहिल्या व दुसऱ्या पिढीची औषधे आणि जेंटामायसिनसारखी औषधे काचेच्या थाळीत प्रभावी दिसली, तरी रुग्णाच्या शरीरात ती उपयोगी पडत नाहीत, म्हणून ती ‘संवेदनक्षम’ अशी कळवूच नयेत. संगणकातून आपोआप निघणाऱ्या अहवालात ही नावे राहून गेली, तर डॉक्टरांची दिशाभूल प्रयोगशाळेनेच केल्यासारखे होते.

शेऱ्याची भाषा हा बारकाव्याचा भाग आहे. रुग्णाला न पाहिलेल्या माणसाने तो लिहायचा असतो, त्यामुळे त्यात हुकूम सोडता येत नाही आणि गुळमुळीतपणाही चालत नाही. ‘क्लिनिकल परिस्थितीशी पडताळून पाहावे’ हे अनेक अहवालांच्या तळाशी आढळणारे वाक्य शेऱ्यात मोडत नाही; त्याने प्रयोगशाळेची जबाबदारी झटकली जाते, वाचणाऱ्याला काही कळत नाही. साल्मोनेलासाठी उपयोगी पडेल असा शेरा साधारण असा असतो : ‘निरोगी व्यक्तीत हा संसर्ग सहसा आपोआप बरा होतो व प्रतिजैविकाची गरज नसते. तीन महिन्यांखालील अर्भक, वृद्ध, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण, तीव्र ताप किंवा रक्तात संसर्ग पसरल्याची शंका असल्यास उपचाराचा विचार करावा. संवेदनक्षमतेची माहिती प्रयोगशाळेकडे मागता येईल.’ यात सर्वसाधारण नियम आधी येतो, अपवाद नेमके येतात आणि तक्त्याचे दार किल्लीसह उघडे राहते. शेवटचा भाग वगळला तर गंभीर रुग्णाच्या डॉक्टरांची अडचण होते आणि मग ते शेऱ्यावर चिडतात ते बरोबरच असते. पटकीच्या अहवालात याशिवाय सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळवल्याची नोंदही हवी, कारण तेथे एका रुग्णामागे एखाद्या चाळीच्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न असू शकतो.

अनेक रोगजंतूंची जनुके एकाच वेळी शोधणाऱ्या पीसीआर चाचण्या मोठ्या खासगी रुग्णालयांत आल्यापासून शेऱ्याची गरज वाढली आहे. कल्चरला दोन-तीन दिवस लागत, ही चाचणी काही तासांत उत्तर देते. पण ती मेलेल्या जंतूचे जनुकही पकडते आणि लक्षणे नसताना नुसत्या आतड्यात वस्ती करून असलेला जंतूही. एकाच नमुन्यात तीन-चार नावे निघाली की त्यांतला खरा आरोपी कोण, हे सांगणारे वाक्य नसेल, तर डॉक्टर प्रत्येक नावावर एकेक औषध लिहून मोकळे होण्याची शक्यता असते. तान्ह्या मुलांच्या शौचात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू आजाराविनाही पुष्कळदा सापडतो, हे याचे नेहमीचे उदाहरण.

अनावश्यक प्रतिजैविकाने नुकसान काय होते, याचे उत्तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील प्रवाशांच्या अभ्यासात स्पष्ट दिसते. उष्ण कटिबंधातील देशांत जाऊन आलेल्या ४३० प्रवाशांपैकी ज्यांना जुलाब झाले नाहीत आणि ज्यांनी प्रतिजैविकही घेतले नाही, त्यांच्यापैकी ११ टक्के लोकांच्या आतड्यात बहुविध सेफॅलोस्पोरिनना दाद न देणारे जिवाणू परतताना आले; ज्यांना नुसते जुलाब झाले त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के, आणि ज्यांनी जुलाबांवर प्रतिजैविक घेतले त्यांच्यात ३७ टक्के होते. असे जिवाणू आतड्यात मुक्काम ठोकतात आणि पुढे कधी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की साध्या गोळ्यांनी भागत नाही.

मुंबईत अहवाल आता बहुधा रुग्णाच्या मोबाइलवर पीडीएफ होऊन आधी पोहोचतो आणि डॉक्टरांकडे नंतर. घरात तो तीन जण वाचतात, ठळक अक्षरांतले नाव शोधतात आणि कधी थेट नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवतात. औषध-विक्रीच्या नियमांतील, १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची एच-१ नुसार तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनसह अनेक प्रतिजैविके विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. तरीही चिठ्ठीशिवाय गोळी मिळणे मुंबईत अवघड नाही. म्हणून शेरा केवळ डॉक्टरांसाठी इंग्रजीत न लिहिता त्याखाली मराठीत व हिंदीत एक सोपी ओळ दिली, तर तिचा उपयोग दुप्पट होतो. दुसरी अडचण याच्या उलट टोकाला आहे : नमुन्यासोबत येणाऱ्या अर्जावर रुग्णाचे वय आणि ‘जुलाब’ एवढेच लिहिलेले असते. ताप आहे का, रक्त पडते का, प्रतिजैविक आधीच सुरू झाले आहे का, हे रकाने कोरे. अशा वेळी शेरा सर्वसाधारणच राहतो.

या उपायाची मोठी मर्यादा अशी की, गॅस्ट्रोच्या बहुसंख्य रुग्णांचा शौचाचा नमुना तपासलाच जात नाही आणि साध्या आजारात तो तपासण्याची गरजही नसते. वस्तीतल्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी जी गोळी लिहिली जाते तिच्यापर्यंत कोणताही शेरा पोहोचत नाही. तेथे डॉक्टरांशी थेट संवाद आणि जलसंजीवनीची पुडी हाताशी असणे हेच उपयोगी. शेऱ्याचा प्रभाव पडतो तो रुग्णालयांत आणि मोठ्या प्रयोगशाळांच्या ग्राहक-डॉक्टरांमध्ये, म्हणजे जेथे महागडी आणि राखून ठेवायची औषधे लिहिली जातात तेथे. तेथेही तोच शेरा प्रत्येक अहवालावर चिकटवला तर दोन-तीन महिन्यांत डॉक्टरांची नजर त्यावरून घसरू लागते. त्यामुळे शेरे मोजक्याच निष्कर्षांना द्यावेत, स्थानिक प्रतिरोधाची आकडेवारी बदलेल तसे वर्षातून एकदा तपासून सुधारावेत, आणि शेरा सुरू करण्याआधीच्या व नंतरच्या काही महिन्यांतील औषधांच्या चिठ्ठ्या रुग्णालयाच्या औषध-भांडाराच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात, असे सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करणाऱ्यांचे सांगणे असते.