बातमी एकतर्फी असणं वेगळं आणि खोटी असणं वेगळं

"ते चॅनल विकलं गेलंय", "तो पेपर काय वाचतोस, सगळं एकतर्फी असतं त्यात" असं आपण येता-जाता बोलत असतो आणि त्यात दोन वेगळ्या तक्रारी एका दमात करून टाकतो. एक तक्रार विश्वासार्हतेची, म्हणजे छापलंय ते खरंच घडलंय का, आकडे बरोबर आहेत का, चुकलं तर दुरुस्ती छापतात का. दुसरी बायसची, म्हणजे कुठली बातमी पहिल्या पानावर घेतली, कुठली आत ढकलली, कोणाचं म्हणणं चार परिच्छेदात आणि कोणाचं एका ओळीत उरकलं. एखादा पेपर उघडउघड एका बाजूचा असला तरी त्यातलं वाक्य न् वाक्य खरं असू शकतं, फक्त उरलेलं अर्धं त्यांनी छापलेलंच नसतं. आणि एखादा अगदी तोलूनमापून लिहिणारा सोर्स साफ चुकलेला असू शकतो कारण त्याने दुसऱ्याचं वाचून लिहिलंय.

३ नोव्हेंबर १९४८ च्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'ची हेडलाईन होती की अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्युईने ट्रुमनना हरवलं. जिंकले होते ट्रुमन, आणि तोच अंक हातात धरून हसतानाचा त्यांचा फोटो अजूनही फिरत असतो. ट्रिब्यून ट्रुमनच्या विरोधातला पेपर होता हे जगजाहीर, त्यामुळे 'बायस, दुसरं काय' म्हणून मोकळं होता येतं. पण तेव्हा तिथल्या छपाई कामगारांचा संप चालू होता, पानं नेहमीपेक्षा कित्येक तास आधी तयार करावी लागत होती, मतमोजणी पुरी व्हायच्या आत हेडलाईन ठरवणं भाग होतं आणि पोलवाले सगळे ड्युईच येणार म्हणून सांगत होते. म्हणजे कल होताच, पण चूक झाली ती घाईमुळे आणि पोल्सवर डोळे मिटून विश्वास टाकल्यामुळे. माझं मत विचाराल तर बऱ्याचशा चुकीच्या बातम्या अशाच होतात, त्यात कटकारस्थान कमी आणि घाई जास्त.

आता बायस ओळखायचा कसा? इथे खरी पंचाईत आहे, कारण ज्या डोळ्यांनी तो ओळखायचा ते डोळेच कुठेतरी झुकलेले असतात. स्टॅनफर्डच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये लेबनॉनच्या बैरुतमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड झालं, त्यावरच्या अमेरिकन टीव्ही बातम्यांच्या क्लिप्स त्यांनी १४४ विद्यार्थ्यांना दाखवल्या, त्यात काही इस्राएलच्या बाजूचे, काही अरबांच्या बाजूचे आणि काही मधले. क्लिप्स सगळ्यांना त्याच. इस्राएलवाले म्हणाले या बातम्या इस्राएलविरोधी आहेत, अरबवाले म्हणाले छे, उघडउघड इस्राएलची तळी उचललीये. आणि हे नुसतं मत नव्हतं, क्लिपमध्ये इस्राएलबद्दल चांगलं किती बोललं गेलं आणि वाईट किती हे विचारलं तर तिथेही दोघांची आठवण वेगवेगळी, जणू दोन वेगळ्या क्लिप्स बघितल्यासारखी. त्यातही मला गंमत वाटते ती याची की ज्यांना त्या विषयाची जास्त माहिती होती त्यांना बायस जास्त दिसला. आपल्याला वाटतं माहिती वाढली की नजर स्वच्छ होते, इथे उलटंच झालं, ज्याला जास्त माहीत त्याला आपल्या बाजूचं काय काय सुटलंय ते जास्त खुपतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, आणि बातमीने बाब्याला कार्टं म्हटलं की चॅनल विकलेलं!

बरं, कल येतो कुठून? मालकाकडून, असं बहुतेकांना वाटतं. गेन्ट्झकाउ आणि शपिरो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजून बघितलं, त्यांचा पेपर २०१० मध्ये आला. अमेरिकेत वारसा हक्काने मिळणाऱ्या संपत्तीवर टॅक्स असतो, त्याला डेमोक्रॅट 'इस्टेट टॅक्स' म्हणतात आणि रिपब्लिकन 'डेथ टॅक्स' म्हणतात. असे एकाच पक्षाचे लोक जास्त वापरतात ते शब्दप्रयोग त्यांनी संसदेतल्या भाषणांमधून कॉम्प्युटरने शोधून काढले आणि मग अमेरिकेतली चारशेहून जास्त दैनिकं त्यातले कुठले शब्द किती वापरतात ते मोजलं. निघालं असं की मालक कोण यावरून पेपरचा कल फारसा सांगता येत नाही, पण आसपासचे वाचक कोणाला मत देतात यावरून बराच सांगता येतो. अर्थात ही जुन्या छापील दैनिकांची आणि एका देशाची गोष्ट आहे, ती जशीच्या तशी सगळीकडे लावता येणार नाही, तरी वाचकाला आवडेल ते छापा हे दडपण मालकाच्या फोनपेक्षा कमी नसतं एवढं तरी दिसतं.

मग करायचं काय. शाळेत वगैरे शिकवतात की साईट नीट बघा, 'अबाउट अस' वाचा, संदर्भ दिलेत का बघा, डिझाईन प्रोफेशनल आहे का बघा. हे तंत्र किती फोल आहे ते वाइनबर्ग आणि मॅक्ग्रू यांनी २०१७ मध्ये दाखवलं. त्यांनी १० पीएचडी झालेले इतिहासकार, १० प्रोफेशनल फॅक्ट चेकर आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी घेतले आणि त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या साईट्स दाखवल्या, यातली जास्त भरवशाची कुठली ते सांगा म्हणाले. एक 'अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स', १९३० पासूनची, हजारो डॉक्टर सभासद असलेली मुख्य संघटना. दुसरी 'अमेरिकन कॉलेज ऑफ पेडियाट्रिशियन्स', २००२ मध्ये वैचारिक मतभेदावरून फुटून निघालेला छोटासा गट. नावं इतकी सारखी की कोणीही फसेल, आणि दुसरीचीही साईट एकदम टापटीप, लेखाखाली संदर्भ, शेवटी डॉट ओआरजी. बहुतेक विद्यार्थी फसले, इतिहासकारांपैकीही अर्धेच ठामपणे बरोबर सांगू शकले, कारण ते पान वरून खालपर्यंत मन लावून वाचत बसले. फॅक्ट चेकर मात्र सगळे बरोबर. त्यांनी पान जवळजवळ वाचलंच नाही, काही सेकंदात नवीन टॅब उघडले, संघटनेचं नाव सर्चला टाकलं आणि बाकीचे लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघितलं. सर्चमध्येही पहिल्याच लिंकवर उडी मारली नाही, आधी रिझल्टची यादी खाली-वर करून बघितली कोण कोण बोलतंय ते. याला 'लॅटरल रीडिंग' म्हणतात, आणि हे आळशी वाचन वाटलं तरी साईट स्वतःबद्दल जे सांगते तेच तिच्या पानावर सापडणार ना, ते कितीही बारकाईने वाचा.

फक्त यात एक खाच आहे. दहा ठिकाणी तीच बातमी दिसली म्हणजे दहा जणांनी खात्री केली असं नसतं, बऱ्याचदा दहाही जणांनी रॉयटर्स, एपी, एएफपी अशा बातम्या पुरवणाऱ्या एजन्सीची एकच कॉपी उचललेली असते. एजन्सी चांगली असेल तर ठीक, पण तो एकच साक्षीदार आहे, दहा नाहीत. बातमीच्या वर किंवा खाली एजन्सीचं नाव असतं ते बघायचं, आणि सगळीकडे तेच अवतरण, तोच आकडा आणि तीच वाक्यरचना दिसली तर समजून जायचं.

खोटं न बोलता दिशा कशी देता येते त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण २०१५ चं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन वगैरे प्रोसेस्ड मीटमुळे कॅन्सर होतो असं जाहीर केलं, रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्के वाढतो. '१८ टक्के' ही हेडलाईन खरी. आता समजा शंभरात ५ जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो, तर रोज तेवढं खाणाऱ्या शंभरात तो होईल साधारण ६ जणांना, ही हेडलाईनही तितकीच खरी, पण ती कोण छापतंय. वर अनेकांनी 'तंबाखूच्या यादीत' असंही छापलं, तेही खरंच, कारण संस्थेच्या यादीत या दोन्ही गोष्टी 'गट १' मध्ये, म्हणजे कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्या गटातच आहेत. फक्त तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. खोटं बोलायची वेळच आली नाही.

पेपर-चॅनलना रेटिंग देणाऱ्या साईट्स आहेत, त्यांचा उपयोग होतो, पण त्या काय मोजतात ते बघून घ्या. 'ऑलसाइड्स' फक्त कल सांगते, अचूकता नाही, आणि हे ती स्वतःच सांगते. 'ॲड फॉन्टेस'चा चार्ट दोन्ही दाखवतो, आडवा कल आणि उभी विश्वासार्हता. हे चार्ट बघून लोक 'मधला म्हणजे खरा' असं धरून चालतात ते मला अजिबात पटत नाही, एक बाजू बरोबर आणि दुसरी चूक असेल तर मधोमध उभा राहणारा निम्मा चूकच असतो. शिवाय रेटिंग बऱ्याचदा अख्ख्या पेपरला असतं, त्यातला संपादकीय मताचा कॉलम आणि रिपोर्टरने जागेवर जाऊन दिलेली बातमी एका मापाने कशी मोजणार.

आणि इतकं सगळं करूनही एक भोक उरतंच, पुन्हा पुन्हा ऐकलेलं खरं वाटू लागतं. हा परिणाम १९७७ पासून माहीत आहे, पण तेव्हा वाटायचं की ज्याला मुळात खरं काय ते माहीत आहे तो फसणार नाही. २०१५ मध्ये लिसा फेझिओ आणि सहकाऱ्यांनी लोकांना मुद्दाम धडधडीत चुकीची वाक्यं दिली, त्यातलं एक होतं की स्कॉटिश लोक घालतात त्या आखूड प्लीटेड स्कर्टला साडी म्हणतात. एकदा वाचलेलं वाक्य दुसऱ्यांदा समोर आलं की ते थोडं जास्त खरं वाटायचं, आणि हे बरोबर उत्तर माहीत असलेल्यांच्या बाबतीतही व्हायचं. पुढे २०२० च्या एका अभ्यासात दिसलं की वाक्य पहिल्यांदा वाचतानाच 'हे कितपत खरं आहे' असं विचारून ठेवलं तर नंतरचा हा परिणाम जातो, पण तेही फक्त ज्या गोष्टींचं बरोबर उत्तर माणसाला आधीच माहीत होतं त्यांच्या बाबतीत.